दोन देशांची भिंत

सर गेले तेव्हा कॉलेजात शोकसभा झाली. तिघे बोलले. सर फार साधे होते, गोड बोलायचे, असं तिघांनीही सांगितलं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि माझं डोकं तापत होतं. ज्या माणसाचं आयुष्यात एकदाही धड ऐकून घेतलं नाही, त्याला मेल्यावर गोड करून टाकायचं, ही आपल्याकडची जुनी सोय आहे. सर गोड नव्हते. कडू होते, हट्टी होते, आणि भेटेल त्याला "कसा आहेस" असं कधी विचारत नसत. विचारायचे, "काय बांधलं?"

नवं घर बांधलेला माणूस खूष होऊन सांगायला लागला की दुसरा प्रश्न यायचा, "अन् चालू हाय का?" घर चालू असणं म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्याला कळायचं नाही. नळाला पाणी येतं का, वरच्या खोलीत कुणी राहतं का, की नुसतं कुलूप लावून ठेवलंय, असं सरांना विचारायचं असे. पोरांनी त्यांचं नाव 'घसारा' ठेवलं होतं. यंत्र, रस्ता, इमारत वापरून झिजते, तशी नुसती पडूनही झिजते. दरवर्षी जेवढी झिजते तो घसारा. बाकीचे प्राध्यापक हा भाग एका तासात उरकतात. सर त्यावर अख्खा पावसाळा काढायचे.

माणूस मूळचा उदगीरचा. लिंगायत व्यापारी घर, बापाचं भुसाराचं दुकान. सदऱ्याच्या आत गळ्यात इष्टलिंग, आणि पूजा झाल्याशिवाय चहा नाही. लहानपणी बापानं एक गोष्ट शिकवली होती म्हणे: पोतं मोजायचं ते हात लावून. लांबून बघून मोजलेल्या पोत्यातलं निम्मं धान्य उंदरांनी आधीच नेलेलं असतं. अर्थशास्त्रातली मोठमोठी पुस्तकं वाचल्यावरसुद्धा यापुढं काही सापडलं नाही, असं ते वर्गात सांगायचे. बहिणीशी फोनवर कानडीत बोलायचे, आणि उत्तरपत्रिका तपासतानाही त्यांना कानडीच सुचायची. न पटलेल्या वाक्यासमोर समासात लाल शाईनं लिहायचे: सुळ्ळु. म्हणजे खोटं. नांदेडच्या पोरांना पहिलं सहामाही सत्र संपेपर्यंत वाटायचं की हा कुठलातरी शेरा आहे आणि त्याला गुण मिळत असतील.

त्यांच्या खोलीत एक भिंत होती. भाड्याचं घर, नांदेडच्या जुन्या भागातलं. त्या भिंतीवर सरांनी दरवर्षी प्रत्येक देशाचा एक याप्रमाणे खिळे ठोकले होते आणि खिळ्यांवरून दोन दोरे ताणले होते. लाल दोरा आपल्या देशाचा, पांढरा कोरियाचा. वर्षभरात देशानं जेवढं कमावलं, त्यातला किती हिस्सा यंत्रं, कारखाने, रस्ते, धरणं, वीजकेंद्रं असल्या टिकाऊ गोष्टी उभारण्यात घातला, तेवढ्या उंचीवर त्या वर्षाचा खिळा. सर त्याला स्थिर भांडवलाची भिंत म्हणत. खाली पडलेलं प्लास्टर झाडूनझाडून त्या कोपऱ्यातली फरशी कायमची पांढरी झाली होती.

घरमालक एक म्हातारे, चिडके, हाताशी काठी असलेले खाँसाहेब होते. हातोडीचा आवाज आला की ते जिना चढून यायचे. "प्रोफेसर साब, मुल्क तुमारे, दीवार मेरी," असं म्हणून दारातच उभे राहायचे. सर ठोकायचं थांबवत नसत. पुढं पुढं असं झालं की एखाद्या वर्षी हातोडी वाजायला उशीर झाला तर खाँसाहेबच विचारायला यायचे, इस साल अपना किधर गया.

भिंत अशी होती की डावीकडं, अगदी सुरुवातीला, पांढरा दोरा आमच्या लालपेक्षा खाली होता. मग तो चढू लागायचा, लालला ओलांडायचा आणि छताकडं निघून जायचा. लाल दोरा आमच्या बैलगाडीसारखा, थोडा वर, थोडा खाली. आणि उजवीकडं, खिडकीजवळ, पांढरा उतरत यायचा आणि एका खिळ्याला लाल त्याच्या वर जायचा. त्या वर्षी म्हणे जुने विद्यार्थी पेढे घेऊन आले. सरांनी पेढा घेतला नाही. म्हणाले, एका वर्षी शेजाऱ्यापेक्षा जास्त विटा आणल्या म्हणून आपलं घर त्याच्याएवढं होत नसतं. त्याचं घर तुम्ही झोपला होता तेव्हाच बांधून झालंय. दोरा म्हणजे त्या वर्षीचा जोर. उभं काय राहिलं, ते दोरा सांगत नाही. पोरं हिरमुसून गेली, आणि पेढे खाँसाहेबांनी खाल्ले.

मी त्यांच्याकडं एम.ए.ला होते. किनवट तालुक्यातली, इस्लापूरच्या पलीकडच्या गावची. वर्गात पाठीमागून हात वर करून भांडणारी मी एकटी मुलगी होते, म्हणून सरांना माझं तोंड लक्षात राहिलं असणार. दोन देश एकाच किमतींत मोजले पाहिजेत, एकाच लांबीच्या काळात मोजले पाहिजेत, माणशी किती येतं ते बघितलं पाहिजे, असं ते सांगायचे आणि मी म्हणायचे, सर, आमच्याकडं बसच येत नाही, कोरियाचं काय घेऊन बसलात. ते म्हणायचे, "तीच बस मोजायला शीक म्हणतोय ना."

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा. मी तेव्हा किनवट जिल्हा व्हावा म्हणून चाललेल्या चळवळीत पूर्ण वेळ होते. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडं होतं. माहूरच्या बाईला एका दाखल्यासाठी नांदेड गाठायचं तर दिवस मोडतो, आणि साहेब रजेवर असला तर दुसराही मोडतो. हे आजही तसंच आहे. जिल्हा अजून झालेला नाही, हे आधीच सांगून टाकते. जे झालं नाही त्याचा राग मला आहेच, पण हे लिखाण त्यासाठी नाही.

सरकारी समिती किनवटला येऊन लोकांचं म्हणणं ऐकणार होती. त्यासाठी मी एक मोठं पत्रक तयार केलं. त्यात सरांची भिंत मी बिनधास्त उचलली होती. लिहिलं होतं की दोन देश एका रेषेवरून निघाले, ज्यानं बांधलं तो पुढं गेला. तसंच लातूर, स्वतंत्र जिल्हा झाला आणि बांधला गेला. आम्ही नांदेडच्या शेपटाला राहिलो, म्हणून किनवट-माहूरच्या डोंगरात शासनानं आजवर एक वीट रचली नाही. मला ते वाक्य फार आवडलं होतं. छापायच्या आधी सरांना दाखवायला गेले, खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला. तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती.

त्यांनी लाल पेन काढलं. दोन ठिकाणी सुळ्ळु लिहिलं आणि म्हणाले, उद्या सकाळी बसस्टँडवर ये, लातूरला जाऊ.

लातुरात त्यांच्या भाचीचं घर होतं. तिमजली, पुढं फरशी, प्रत्येक मजल्यावर नळ. भाचीनं आम्हाला अर्धा अर्धा पेला पाणी दिलं आणि अर्धाच दिल्याबद्दल तिलाच लाज वाटली. मग पदर खोचून म्हणाली, "सगळं हाय बघा मामा आमच्या लातुरात. कलेक्टर हाय, झेडपी हाय, कोर्ट हाय. पाणी तेवढं मिरजेहून पाव्हण्यावानी येतंय." सरांनी वही काढून तिच्यासमोरच लिहिलं: घर तिमजली, नळ तीन, चालू नाहीत. भाची म्हणाली, आता माझं घर कुठं छापता का मामा, अन् ते हसले. त्या दिवसात तेवढंच एकदा.

दुपारभर त्यांनी मला कचेऱ्यांच्या रस्त्यानं फिरवलं. उन्हात डांबर चपलेला चिकटत होतं. जिल्हा झाल्यावर काय काय उभं राहिलं ते सगळं त्यांनी मला लिहायला लावलं आणि एकही इमारत खोटी ठरवली नाही. परतीच्या बसमध्ये मी भांडले. म्हटलं, सर, तुम्ही आमच्या बाजूचे का विरोधातले? ते खिडकीतून बाहेरच बघत होते. म्हणाले, "जिल्हा माग. हक्क हाय तुमचा. पण जिल्हा झाला की नळाला पाणी येतं असं लिहू नको. कचेरी बांधली तर कचेरी बांधली म्हण."

पहिल्या सुळ्ळुचा, लातूरच्या वाक्यावरच्या, हा निकाल झाला. दुसरं सुळ्ळु "एक वीट रचली नाही" ह्यावर होतं.

त्यासाठी त्यांनी मला माहितीच्या अधिकारात अर्ज करायला लावला. तालुक्यात आजवर पूर्ण झालेल्या पाण्याच्या कामांची यादी. यादी आली तेव्हा मी थक्क झाले. विटा रचल्या होत्या. पानंच्या पानं विटा. टाक्या, विहिरी, पंपघरं, जलवाहिन्या, सगळ्यांपुढं 'पूर्ण'. मी यादी घेऊन सरांकडं गेले आणि ओरडलेच, हे सगळं कुठं आहे? सरांनी चार रकाने आखून दिले. काम कोणतं, पूर्ण कधी झालं, पूर्ण झाल्याची सही कोणाची, आज चालू आहे का. म्हणाले, पायी जा.

आणि मग भिंतीकडं पेन करून त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. "दिल्लीत बेरीज करणारा माणूस तुझ्या गावाला येत नसतो. कागद जातो. टाकी पूर्ण असा कागद गेला की ती देशाच्या भांडवलात जमा झाली. ह्या लाल दोऱ्यात तुझ्या तालुक्यातल्या सगळ्या टाक्या हायत. पाण्याच्या बी अन् बिनपाण्याच्या बी."

मी विचारलं, कोरियाच्या दोऱ्यात अशा नसतील का?

"असतील. मी कुठं जाऊन बघितलंय? इतकी वर्षं दोन देशांची तुलना करत राहिलो अन् दोन्हीकडचा कागदच बघितला." "म्हणून तर तुला पाठवतोय."

मी गेले. त्या उन्हाळ्यात जेवढी चालले तेवढी आयुष्यात चालले नव्हते. कुठं टाकी होती, पंप नव्हता. कुठं पंप होता, त्याची वीज तोडलेली. एका गावात जलवाहिनी मधेच संपत होती आणि तिच्या तोंडात कुणीतरी चिंध्या कोंबल्या होत्या, साप शिरतात म्हणून. प्रत्येक ठिकाणी मी सही कोणाची ते लिहून घेत होते आणि मला त्यात मजा येत होती, हे कबूल करते. अमुक सरपंच, तमुक सदस्य. रात्रंदिवस लोकांपुढं नाचणारी ही नावं आता छापून येणार, असं मनात घोळवत मी फिरत होते. सगळी गावं संपवली. आमचं गाव तेवढं राहिलं.

राहिलं म्हणजे मी ठेवलं. आमच्या गावात शाळेच्या मागं टाकी आहे. मी लहान असताना बांधली, पाणी मात्र त्यात कधी चढलं नाही. यादीत तिच्यापुढं 'पूर्ण' होतं, आणि सही तेव्हाच्या सरपंचाची. तेव्हाचे सरपंच माझे बाबा. एकच वेळ झाले, परत उभे राहिले नाहीत. का नाही राहिले, हे मी कधी विचारलं नव्हतं.

चळवळीचे अध्यक्ष किनवटला लोखंडी सामानाचं दुकान चालवतात. मी त्यांना तक्ता दाखवला. त्यांनी रिकामी ओळ बघितली, माझ्याकडं बघितलं आणि समजून घेतलं. म्हणाले, "काढून टाक ना ती ओळ. एवढ्या गावांत एक गाव कोण मोजतंय? अगं, बापाचं नाव छापून कुठला जिल्हा होत असतोय?" वर हेही म्हणाले की विरोधक दुसऱ्या दिवशी चौकात वाचून दाखवतील, पोरगी तोंडाची फटकळ अन् बाप सहीचा सैल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मला तेच ऐकायचं होतं. मी, जी सगळ्या मराठवाड्याला लाज वाटते का विचारत होते, ती मी ओळ काढून टाकायला तयार होते.

सरांकडं तक्ता नेला. त्यांनी खालून वर वाचला, त्यांची तशी पद्धत होती. विचारलं, तुझं गाव कुठं हाय? मी म्हटलं, राहिलं सर, नंतर करते. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. बाबांबद्दल त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. यादी मात्र त्यांच्यापुढंच पडली होती, आणि माझं आडनाव त्यांना पाठ होतं.

म्हणाले, "एक ओळ गाळली की बाकीच्या ओळी पण गाळल्यासारख्याच. त्या सरपंचांची पोरं नाहीत का?"

मी म्हटलं, तुम्हाला काय जातं बोलायला. तुमचा बाप दुकानदार होता, मेला, सुटला. असं मी बोलले. त्यांना, त्या वयात, त्यांच्याच खोलीत. ते रागावले नाहीत. न बघितलेली ओळ मी लिहीत नाही, एवढंच म्हणाले, आणि तक्ता परत माझ्या हातात दिला.

चौथ्या दिवशी सकाळी सर आमच्या दारात उभे. नांदेडहून एस.टी.नं इस्लापूर आणि पुढं टमटमनं. धोतरावर डोंगरातली लाल धूळ, काखेत वही. मी चुलीपाशी होते. बाबा ओसरीवर दोरी वळत बसले होते. त्यांनी पाहुण्याला पाणी दिलं, तांब्या भरून. आमच्याकडं ते पाणी कुठून येतं हे सरांनी विचारलं आणि आईनं सांगितलं, ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून, रोज चार खेपा. सरांनी तांब्यातलं निम्मं पाणी तसंच ठेवलं.

मग बाबांना म्हणाले, जरा टाकीपाशी येता का. बाबा उठले. कशासाठी, हेसुद्धा विचारलं नाही. मी मागून चालत गेले. मला वाटत होतं की आता हा माणूस माझ्या बापाला वर्गातल्या पोरासारखा उभा करणार, आणि मी आजवर ज्यांना ज्यांना उभं केलं त्यांच्या पोरी अशाच मागून चालल्या असतील.

टाकीखाली शेळ्या बसल्या होत्या. सरांनी वही उघडली.

"ही टाकी पूर्ण झाल्याची सही तुमची हाय का?"

"हाव."

"चालू हाय का?"

"न्हाई. एक दिस सुदा न्हाई."

सर टाकीवर रंगवलेलं साल बघून तेच सहीपुढं लिहीत होते. बाबा त्यांच्या खांद्यावरून वहीत वाकले. ते चौथीपर्यंत शिकलेले, अक्षर लावायला वेळ लागतो. त्यांनी बोट ठेवलं.

"साल चुकलंय," बाबा म्हणाले.

सरांनी मान वर केली.

"माझी सही त्याच्या आदल्या मार्चातली हाय. तवा हितं टाकी नव्हती. बाभळी हुत्या."

बाबांनी सावकाश, तुटक तुटक सांगितलं. मार्च संपत आला होता. साहेब जीपमधून आले होते. म्हणाले, आज काम पूर्ण म्हणून सही नाही दिली तर मंजुरी परत जाईल, मग तुमच्या गावाला टाकी कधीच नाही. सही द्या, काम मागून होऊन जातं, सगळीकडं असंच करून राहिलेत. बाबांनी गावाला टाकी मिळावी म्हणून सही केली. टाकी झालीही. पण कागदावर ती आधीच पूर्ण असल्यामुळं पंपाचं आणि नळाचं मागायला गेले तेव्हा कचेरीत त्यांना त्यांचीच सही दाखवली. तुम्हीच लिहून दिलंय की, पूर्ण म्हणून. बाबा तीन वेळा गेले. मग जायचे थांबले.

माझ्या तोंडून निघालं, बाबा, तुम्ही कधी बोलला का नाही?

"इचारलं कुणी?" बाबा म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "तू बी सगळीकडं इचारत फिरलीस. घरी आली न्हाईस."

सरांनी साल खोडलं, बरोबर साल घातलं, आणि बाभळीसुद्धा लिहिल्या. मग वही फिरवून बाबांच्या पुढं धरली आणि पेन दिलं. म्हणाले, चालू नाही म्हणून खाली सही करा.

बाबांनी पेन घेतलं. लगेच केली नाही. पाच पावलं मागं सरकले, कपाळावर हात आडवा धरून उन्हात टाकीकडं वरपर्यंत बघितलं, तिच्याभोवती एक चक्कर मारली, शेळ्या उठून बाजूला झाल्या. मग आले, वही गुडघ्यावर घेतली आणि सही केली.